उवा पोरीच्या डोक्यात, ठपका आईच्या माथी

गेल्या पावसाळ्यात एरंडोलच्या बसस्थानकावर एक बाई भेटली. सोबत शाळकरी मुलगी, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली. केसांत उवा निघाल्या म्हणून शाळेत तिला भर वर्गात उभं केलं. शेवटच्या बाकावर एकटं बसवलं, आणि 'तुमच्या घरी फणी नाही का?' असं विचारून घरी धाडलं. घरी बापानं कात्री घेतली. कमरेपर्यंतचे केस गेले. "काय करू माय," बाई म्हणाली, "दिवसभर कपाशी निंदायला जाते. पोरीचं डोकं बघायला उजेड कुठं उरतो?"

मैत्रिणींनो, त्या मुलीला उवांनी छळलं नसेल तेवढं माणसांनी छळलं.

'घाणेरड्यांना उवा होतात' असं सगळेच म्हणतात. ते खोटं आहे. ऊ धुतलेल्या केसांत राहते तशीच न धुतलेल्या केसांतही राहते. तिला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. ती फक्त चालते, म्हणजे डोक्याला डोकं लागलं की इकडून तिकडे जाते. मुली एका अंथरुणात झोपतात, एकमेकींच्या वेण्या घालतात. जिव्हाळ्याच्या त्या वाटेनंच ऊ येते. त्यात पाप कसलं?

आणखी एक गोष्ट शाळांनी ऐकावी. पहिल्यांदा उवा झाल्या तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे 'सापडली' त्या दिवशी ती मुलगी महिनाभर तरी त्याच बाकावर बसलेली असते. मग तिला घरी पाठवून काय साधतं? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते की उवांसाठी कुणाला शाळेबाहेर ठेवू नये. डोक्यातली ऊ रोग पसरवत नाही. टायफस पसरवते ती अंगावरच्या कपड्यांत राहणारी ऊ, आणि ती वेगळी.

लाज इतकी, की बाया मिळेल ते डोक्यावर ओततात. कुणी रॉकेल लावतं आणि चुलीजवळ बसलेली पोर भाजते. कुणी कपाशीवर फवारायचं औषध लावतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तसलं विष खाजवून सोललेल्या कोवळ्या डोक्यावर चोळायचं? बायांनो, एक लक्षात ठेवा. उवांनी कुणी मरत नाही, या औषधांनी मरतं.

खरा उपाय साधा आहे, पण चिकाटीचा आहे. कानामागे आणि मानेवर केस बाजूला करून उजेडात बघा. ऊ तिळाएवढी असते. लिखा केसाला मुळाजवळ चिकटून बसतात. कोंडा झटकला की पडतो, लीख पडत नाही. केस ओले करून, तेल लावून, बारीक दातांच्या फणीनं बटा-बटांनी विंचरा. दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे. औषध वापरायचं तर एक टक्का परमेथ्रिनचं लोशन घ्या. धुतलेल्या ओलसर केसांना लावा, दहा मिनिटांनी धुवा, आणि आठ-नऊ दिवसांनी पुन्हा लावा. पहिल्या वेळी सगळी अंडी मरत नाहीत आणि उरलेली आठवडा-दीड आठवड्यात फुटतात. दुसरी वेळ चुकली की सगळं पहिल्यापासून. अंगावर पिणारं तान्हं बाळ असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरला विचारा. उशांचे अभ्रे, ओढण्या, फण्या गरम पाण्यातून काढा. डोक्याबाहेर ऊ दोन दिवसांपलीकडे जगत नाही, तेव्हा घरभर फवारे मारू नका.

आणि घरातली सगळी डोकी एकाच दिवशी बघा. भावाचं, बापाचंसुद्धा. पोरीचं डोकं तपासायचं आणि पोराचं सोडून द्यायचं, तर ऊ पुन्हा येणारच. फणी फक्त आईच्याच हातात का? बापाला कात्री धरता येते, तर फणीही धरता येईल.

सरकारलाही प्रश्न आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला झाली. तपासणीच्या आजारांच्या राष्ट्रीय यादीत खरूज आहे, गजकर्ण आहे, इसब आहे. उवांचं नाव नाही. पोरींचं दुखणं म्हणून ते क्षुल्लक? आपली मागणी साधी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात लोशन आणि फणी फुकट मिळावी. शाळेत तपासणी आडोशाला व्हावी, मुलामुलींची सारखी व्हावी, आणि कुणाचं नाव वर्गात घेतलं जाऊ नये.

शेवटी कात्रीविषयी. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. बाईच्या डोक्यावरचे केस तिचे आहेत, हे त्यांना तेव्हा कळलं. केस कापायचे की ठेवायचे हे ती मुलगी ठरवील. कापायचेच असतील तर तिला विचारून कापा. शिक्षा म्हणून कुणाच्याही पोरीच्या केसांना हात लावू नका.