कमाईचे शब्द

इंग्रजीचे शिक्षक रजेवर असले की त्यांचा तास बहुधा आमच्या वाट्याला येतो. आम्ही उर्दू आणि मराठीवाले, म्हणून मुलांना वाटते, आता मजा! गेल्या महिन्यात अशाच एका तासाला विषय निघाला पैसे कमावण्यावरच्या इंग्रजी वाक्प्रचारांचा. यादीत पहिलाच होता ‘ब्रिंग होम द बेकन’. अर्थ साधा, कमावून घर चालवणे. पण मागच्या बाकावरून एक मुलगा उठला, “सर, बेकन म्हणजे डुकराचं मांस ना? मग हे आपण लिहायचं का?” वर्ग हसला, तो मात्र गंभीर होता.

आम्हाला त्याचा प्रश्न आवडला. ज्या लोकांची भाषा, त्यांच्या ताटातले पदार्थ तिच्यात येणारच. आपणही ‘पाचही बोटे तुपात’ म्हणतोच की! वाक्प्रचाराचा अर्थ शिकणे म्हणजे तो पदार्थ खाणे नव्हे. परीक्षेत आला तर अर्थ बिनधास्त लिहावा. स्वतःच्या निबंधात नको वाटला, तर इंग्रजीतच ‘ब्रेडविनर’ हा चांगला शब्द आहे. ‘विन’चा जुना अर्थ नुसते जिंकणे नाही, तर राबणे, कष्टाने मिळवणे. म्हणजे घामाची भाकरी आणणारा.

एकाने लगेच गाइडमधून वाचून दाखवले, “ब्रेडविनर, घरातला कमावता पुरुष.” तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “आमच्या घरी अम्मी कमावते. मग तिला काय म्हणायचं?” तिचे वडील हयात नाहीत. आई शिलाई मशीनवर घर चालवते. आम्ही सांगितले, तिलाही ब्रेडविनरच म्हणायचे. गाइडमधला ‘पुरुष’ खोडून ‘व्यक्ती’ लिहायला लावले. हजरत खदीजा (रजि.) मक्केतल्या मोठ्या व्यापारी होत्या, याचीही आठवण करून दिली. मुलीने मान वर केली.

मग यादी भराभर सरली. ‘मेक अ मिंट’ म्हणजे जणू टांकसाळ उघडल्यासारखा पैसा करणे. ‘मनी’ आणि ‘मिंट’ हे दोन्ही शब्द रोममधल्या जूनो मोनेटा या देवीच्या नावावरून आले, कारण नाणी तिच्या देवळात पाडली जात. ‘रिच अ‍ॅज क्रीसस’मधला क्रीसस हा लिडियाचा धनाढ्य राजा. आपल्याकडे त्या जागी ‘कारूनचा खजिना’ म्हणतात. ‘मेक अ किलिंग’ म्हणजे थोड्या वेळात घबाड हाती लागणे. इथे मुलांना थांबवून विचारले, यात ‘किल’ का असेल? एक जण म्हणाला, “शिकार मारली म्हणून.” दुसरा म्हणाला, “कुणाचं तरी नुकसान होतच असेल.” दोघांनाही शाबासकी दिली.

आपले शब्दही पाहण्यासारखे आहेत. ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला. ‘रोजी’त फारसी ‘रोज’ आहे, म्हणजे त्या त्या दिवसाचे. ‘दौलत’ ज्या अरबी धातूपासून आला, त्याचा अर्थ फिरणे, हात बदलणे. संपत्ती केवळ धनवानांतच फिरत राहू नये, हे सांगताना सूरह हश्रमध्ये याच धातूचा शब्द आला आहे. जकातीचा धडा शिकवताना ही एक गोष्ट सांगितली तरी पुष्कळ उलगडते.

घरचा अभ्यास दिला, घरात कमाईबद्दल कोणते शब्द बोलले जातात ते लिहून आणा. दुसऱ्या दिवशी ‘हातावर पोट’ आले, ‘वरकमाई’ आली, ‘पॅकेज’ तर सात वह्यांत आले. त्या मुलीच्या वहीत होते, “अम्मी म्हणते, पैसे थोडे आहेत, पण बरकत आहे.” रजेवरून परतलेल्या इंग्रजीच्या सरांना आम्ही ‘बरकत’साठी शब्द विचारला. त्यांनी दोन-तीन सुचवले आणि स्वतःच खोडले.

पालकांनो, तुमच्या घरी मुलांच्या कानावर कोणता शब्द जास्त पडतो? एकदा वही काढून पाहाच.