तो सांगेल तेव्हा हसू नका

चाकणला कंपनीत लागलेला तुमचा मुलगा, भाचा, नाहीतर शेजारचा पोरगा एकदम "मला नाही जायचं परत तिथं" म्हणाला, तर लगेच "कामाचा कंटाळा आला का?" म्हणून झापू नका. थांबा. आधी जेवायला वाढा. मग विचारा, काय झालं?

कारण असंही घडलेलं असू शकतं. रात्रपाळीत सुपरवायझर अंगचटीला येतो. कपडे बदलायच्या खोलीत चौघं मिळून पँट ओढतात, मोबाईलवर शूटिंग करतात आणि त्याला 'मस्करी' म्हणतात. ऑफिसात साहेब रात्री अकरानंतर नको ते मेसेज धाडतो, आणि कायम करायची यादी त्याच्याच हातात असते. पोरानं सांगावं कुणाला? सांगितलं तर ऐकायला मिळतं, "गडी माणूस ना तू?" साहेबाच्या जागी मॅडम असली तर आणखी वाईट: "नशीबवान आहेस लेका!" झालं. त्याचं तोंड तिथंच शिवलं जातं.

ते वाक्य तुम्ही बोलू नका. दुसरा बोलला तर तिथंच टोका.

अमेरिकेत १९९४ साली केंद्र सरकारच्या नोकरांना विचारलं गेलं. मागच्या दोन वर्षांत असा त्रास झाल्याचं ४४ टक्के बायकांनी सांगितलं, आणि १९ टक्के पुरुषांनीही. पाचांतला जवळजवळ एक. विचारलं म्हणून कळलं. आपल्याकडे विचारतं कोण?

कायदाही त्याच्या पाठीशी फारसा नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा फक्त बाईची तक्रार घेतो. तो तसाच राहू द्या. राजस्थानातल्या कार्यकर्त्या भंवरी देवींवरच्या अत्याचारानंतरच्या लढ्यातून, सुप्रीम कोर्टाच्या १९९७ च्या विशाखा निकालातून तो आलाय. त्यातला एक शब्दही ढिला व्हायला नको. (पुरुषांचं नाव पुढं करून बायकांना खोटं पाडायला निघालेल्यांनी हे आवाहन इथंच खाली ठेवावं.) पण पुरुषाला दार कुठलं? जबरदस्ती झाली तर पूर्वी निदान जुन्या दंड संहितेतलं कलम ३७७ लावता यायचं. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेही नाही.

म्हणून तुम्ही हवे आहात. कारखाना चालवत असाल तर दिल्लीची वाट पाहू नका. बायकांसाठीची समिती आहे तशी ठेवा, आणि आपल्या नियमावलीत पुरुषांच्या तक्रारीचीही सोय करा. कायदा आड येत नाही. एचआरमध्ये असाल तर तक्रार लेखी घ्या, पोच द्या. युनियनमध्ये असाल तर बोनसच्या बोलणीत हाही विषय काढा. त्याच्याच लाइनवर असाल तर साक्ष द्या. तो व्हिडिओ तुमच्याकडे आला तर पुढे पाठवू नका.

आणि घरच्यांनो, तुमच्याशी जरा जास्त बोलायचंय. बहिणीचं लग्न, घराचा हप्ता, आईची औषधं, सगळं त्या पगारावर. म्हणूनच तो गप्प आहे. पिऊ लागतो, पोरांवर ओरडतो. बायकोला वाटतं, आपलंच काही चुकलं. एक दिवस राजीनामा देऊन येतो आणि कारण विचारलं की भिंतीकडे बघतो.

त्याला तारीख, वेळ, जागा लिहून ठेवायला सांगा. मेसेज पुसू देऊ नका. मारहाण, धमकी, कोंडून ठेवणं हे आजही गुन्हेच आहेत; ठाण्यात त्याच्यासोबत जा. पोरगा १८ च्या आतला असेल तर मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही, आणि माहीत असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा ठरतो. जीव नकोसा झालाय म्हणाला, तर त्याला एकटं सोडू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

आज फोन लावा. "पैसे पोचले" एवढंच सांगून ठेवू नका. विचारा, "तिथं कुणी त्रास देतं का रे?"

तो "काही नाही" म्हणेल. तरी फोन ठेवू नका.