शंभर म्हणता येतं, पण चार आणता येतात का?

जून उजाडला की देवळ्यात अंगणवाडीच्या दारात आणि पहिलीच्या वर्गाबाहेर पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "आमच्या पोराला शंभरपर्यंत येतं, अजून काय शिकवाल?" पोरही एका दमात शंभर म्हणून दाखवतं आणि गणिताची काळजी मिटली असं सगळे धरून चालतात. पारख करायचीच असेल तर त्याला एवढंच सांगा : "चाळीतून चार कांदे आण." मोजून चारच आणले, तर त्याला चार येतात. ओंजळभर आणले, तर त्याला अजून फक्त म्हणता येतं.

लोहोणेरच्या बाजूच्या एका अंगणवाडीत पाहिलेलं सांगतो. सेविकाताईंनी एका मुलीपुढे सात चिंचोके मांडले. ती बोट ठेवत मोजू लागली. चौथ्यापाशी तोंड पुढे गेलं, बोट मागे राहिलं आणि सातांचे नऊ झाले. ताई रागावल्या नाहीत. "मोजलेला चिंचोका वाटीत टाक," एवढंच म्हणाल्या. आता एका आकड्याला एकच चिंचोका पडू लागला आणि बरोबर सात भरले. मग ताईंनी विचारलं, "वाटीत किती?" पोरीने वाटी उपडी केली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे सगळ्या चिंचोक्यांची संख्या, हे तिला अजून उमगलं नव्हतं. हीच मुलगी पन्नासपर्यंत न अडखळता म्हणत होती.

रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये मोजणीची जी तत्त्वं मांडली, त्यांत या दोन्ही गोष्टी आहेत : एका वस्तूला एकच आकडा आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या. आपल्या खळ्यावर पहिलं तत्त्व जुनंच आहे. धान्य मापताना "लाभ, दोन, तीन" म्हणतात, तेव्हा एका शब्दाला एकच माप पडतं. पोराला त्या मापाशेजारी बसवलं, तरी अर्धा धडा होतो.

मग शंभरची घाई कुणाला? सरकारलाही नाही. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात बालवाटिकेच्या, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी 10 पर्यंतचे अंक ओळखणं हे लक्ष्य आहे. 99 पर्यंत वाचणं-लिहिणं हे पहिलीचं. घाई आहे ती आपल्याला आणि तिच्यापायी दहाची समज कच्ची राहते.

कच्चेपणा उघडा पडतो तो दहाच्या पुढे. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतात, लिहिताना दोन आधी येतो. म्हणून मुलं 52 लिहून बसतात. कानडी, तेलुगू, तमिळ मुलांना दशक आधी ऐकू येतं. ही अडचण ओळखून बालभारतीच्या गणित समितीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशीही वाट दिली. जुनी नावं काढली नव्हती. तरी विधानसभेपासून चावडीपर्यंत थट्टा झाली आणि समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे कारणं सांगत राहिल्या. 'वीस पाच' कुणाला पटो न पटो, मुलाला दशक दिसायला हवं हा त्यांचा मुद्दा खरा होता. त्या थट्टेत तो वाहून गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

दशक दाखवायला आपल्या तालुक्यात साधनांची वाण नाही. चाऱ्याच्या पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. दोन पाचुंदे म्हणजे दहा. काड्यांचे असे छोटे पाचुंदे पोरांच्या हाताने बांधून घ्या. चार पाचुंदे आणि पाच सुट्या काड्या समोर ठेवून पंचवीस लिहायला सांगा. दोन दहा डोळ्यांना दिसले की दोन आधी लिहायचा हे हातालाही कळतं. कांदा निवडताना गोल्टी एकीकडे, मोठा माल दुसरीकडे करणारं पोर वर्गीकरण शिकतच असतं. त्याला फक्त "कुठे जास्त?" एवढं विचारायचं राहतं.

"आम्ही पावकी-निमकी पाठ करूनच शिकलो," असं जुनी माणसं म्हणतात. पाठांतराला माझा विरोध नाही. पण त्यांच्या पाठांतरामागे रोजचं माप आणि तराजू होता. हा सांधा तुटला की काय होतं, ते अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2025 मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं. कोलकाता-दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं तोंडी हिशेब चोख करतात, पण वहीतल्या गणिताला अडखळतात. शाळेतली मुलं बाजारातल्या हिशेबाला अडतात. बाजार समितीच्या सावलीत वाढणाऱ्या आपल्या पोरांना दोन्ही यायला हवं.

हाताशी असलेल्या वस्तूंवरून शिकवणं आपल्याकडे नवं नाही. बोर्डीला 1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते गावातल्या पानं, बिया, खड्यांवर. 1975 पासून देशभर गेलेल्या अंगणवाडीच्या मुळाशी हाच विचार आहे. म्हणून पहिलीत येणाऱ्या मुलांच्या शाळापूर्व तयारी मेळाव्यात गणनपूर्व तयारीच्या टेबलापाशी आई-वडिलांनी थांबावं आणि घरी रोज काहीतरी मोजून आणायला सांगावं. मुख्याध्यापकांनी पहिलीच्या पहिल्या महिन्यात शंभरपर्यंत लिहून घेणं बंद करावं. सेविकाताईंकडे रजिस्टरांचं ओझं आधीच आहे. त्यांच्याकडून शंभरची मागणी करणं आपण पालकांनी सोडलं, तर चिंचोक्यांना वेळ मिळेल. दहा पक्के झालेलं पोर शंभरला स्वतःच्या पायांनी पोचतं.