आक्काच्या कडेवर

मी मॅट्रिक झालो. लोक विचारतात, तुझ्या शिक्षणाचा खर्च कुणी केला? आजवर सांगत आलो, बापानं केला. बाप ऊसतोड्या. बीडकडून दरसाल दसऱ्याला निघायचा, पाडव्याच्या आसपास परतायचा. पण हे उत्तर खोटं आहे. माझी फी आक्कानं भरली. आई-बाप फडात, आक्का कोपीवर आणि मी आक्काच्या कडेवर. ती नऊ वर्षांची होती. तिसरीत पटावरून नाव गेलं ते पुन्हा लागलं नाही. मी चालायला लागलो, शाळेत गेलो, मॅट्रिक झालो, कविता करायला लागलो. आक्काच्या हातात कोयता आला.

गेल्या हंगामात गोदीतून दोन दिवसांची सुट्टी काढून आक्काला भेटायला फडावर गेलो. कोपीच्या तोंडाशी तिची थोरली पोरगी उभी. वय नऊ. कडेवर आठ महिन्यांचा भाऊ. म्हणाली, "मामा, ह्याला धरता का जरा? कंबर अवघडली माझी."

दोस्तहो, मी पोराला घेतलं खरं, पण मान वर करवेना. वीस वर्षांत कडेवरचं पोर तेवढं बदललं होतं.

खेड्यात पाळणाघर नसतं असं म्हणतात. साफ खोटं! पाळणाघर आहे. ते आठ-नऊ वर्षांच्या पोरीच्या कंबरेवर आहे. त्याचा खर्चही भरला जातो. तिच्या शाळेतून कापून भरला जातो. पावती तेवढी मिळत नाही.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. फडात एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीवर. बाई पोरापाशी बसली की अर्धा कोयता, मग उचल फिटणार कशी? म्हणून बाळंतीण महिन्या-दीड महिन्यात फडात येते. काळोखात निघायचं. पोरगं पाचटावर निजवायचं, नाहीतर गाडीखाली झोळी बांधायची. थंडी, साप, बैल, ट्रॅक्टर. थोरली पोरगी असली तर तिच्या हवाली. नसली तर मोळी बांधता बांधता एक डोळा तिकडं.

बरं, पोर गावाकडं ठेवावं तर ठेवायचं कुठं? म्हातारी धड असली तर तिच्यापाशी. तालुक्याला नर्सरी आहेत, पिवळ्या गाड्या आहेत, भिंतीवर ससे आणि हत्ती काढलेत. फी आधी भरा. तिथं तीन वर्षांखाली घेत नाहीत आणि दुपारी घरी धाडतात. घरी कोण आहे?

राहिली अंगणवाडी. ह्या शब्दाची जन्मकथा आपण विसरून चालणार नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. वस्तीतली पोरं बालवाडीपर्यंत येईनात, म्हणून त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. म्हणजे ज्याला गावाच्या शाळेचा उंबरा दूर होता, त्याच्या दारात शाळा गेली. पुढं २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारनं एकात्मिक बालविकास योजना काढली आणि अंगणवाडी देशभर गेली. पण तीन वर्षांखालच्या पोराला अंगणवाडी काय देते? लस, वजन, खाऊचं पाकीट. त्या पोराला दिवसभर सांभाळत नाही. तीन ते सहाची पोरं काही तास बसतात, खिचडी खातात, घरी जातात. सेविकेला दोष देऊ नका. तिला पगार नाही, मानधन आहे. त्यासाठीच त्या बाया डिसेंबर २०२३ आणि जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रभर संपावर होत्या. पोरं सांभाळणं हे कामच नव्हे, बाईचा स्वभाव आहे, असं ही व्यवस्था मानते. मग स्वभावाला पगार कशाला द्यायचा?

कागदावर मात्र सगळं आहे. २०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत पंचवीस पोरांचं पाळणाघर होतं, महिन्याचे सव्वीस दिवस, रोज साडेसात तास. दारिद्र्यरेषेखालच्या घराला महिना २० रुपये. वीस रुपये आक्काही देईल. पण ते पाळणाघर फडावर आणणार कोण? आणि फडाचं घड्याळ साडेसात तासांचं आहे का? ट्रक रात्री आला तर रात्री भरावा लागतो. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात लिहिलं होतं, कामावर सहा वर्षांखालची पाच पोरं असली की सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला हजेरी द्यायची. म्हणजे सरकारच्या खड्ड्यावर पाच पोरांमागे एक बाई, आणि साखरसम्राटाच्या फडात पन्नास पोरांमागे कुणी नाही! कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, पोरं तुमची. साखर तेवढी सगळ्यांची.

मग पैशाचं बोलू. मी गोदीत हमाली करतो. पन्नास किलोची साखरेची गोणी माझ्या पाठीवरून कंटेनरात जाते. टनाचा हिशोब मला कळतो. वीस कोयत्यांची टोळी धरा. एका कोयत्याची दिवसाची तोड दीड टन धरा. झाले तीस टन. टनामागे २० रुपये बाजूला काढले तर दिवसाचे ६०० रुपये. दोन बायांची तीनशे-तीनशेची हजेरी निघाली. एक पहाटे येईल, एक रात्रीपर्यंत थांबेल. किलोला किती पडले? उसाच्या किलोला दोन पैसे. एवढ्यानं कारखाना बुडत असेल तर तो आधीच बुडालेला आहे.

ऊसतोड कामगार महामंडळासाठी टनामागे कारखान्यानं १० रुपये आणि सरकारनं तेवढेच घालायचं ठरलं. त्यातून वसतिगृहं निघाली. ती हवीच, आणखी हवीत. पण वसतिगृहात शाळेचं पोर जातं. अंगावर पिणारं पोर कुठं जाईल? आणि ते कुठंच जात नाही म्हणून त्याची बहीणही वसतिगृहात जात नाही. घोडं इथं अडलं आहे.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतिणीच्या बिलाला पाठिंबा दिला. त्यांचं म्हणणं होतं की हा भार मुख्यतः सरकारनं सोसावा, आणि बाईच्या कामातून मालकालाही फायदा होतो म्हणून त्यालाही तो टाळता येणार नाही. जवळजवळ शंभर वर्षं झाली. भार नऊ वर्षांच्या पोरीनं सोसला.

आता आपल्या माणसांना दोन शब्द. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. लढून वाढला, चांगलं झालं. पण कराराला बसलेले बहुतेक बापय. टन बोलले, कमिशन बोलले, पाळण्याचं नाव नाही. आपल्या सभांत तरी काय वेगळं होतं? बाया मागं, पोरं त्यांच्या मांडीवर. पोर रडलं की आपणच ओरडतो, "बाहेर न्या रे त्याला!" आणि माईकवर समतेचं भाषण चालू. मीही ओरडलो आहे. हे लिहिताना लाज वाटते, म्हणून लिहितो.

करायचं काय? सुप्रीम कोर्टानं १३ डिसेंबर २००६ ला हुकूम दिला की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची चाळीस पोरं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथं मागणी केल्यावर तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. कारखान्याच्या तळावर चाळीस काय, चारशे पोरं निघतील. पण हंगाम पाच महिन्यांचा. तळावर पोचून अर्ज केला तर तीन त्यातच गेले. म्हणून पोरांनो, अर्ज भादव्यातच करा. गावोगाव पोरांची यादी करा, वय लिहा, कुठला कारखाना ते लिहा. आणि पुढच्या करारात दराच्या कलमाखाली पाळणाघराचं कलम घाला. पाळणाघर नाही तर उचलीला अंगठा नाही. सांभाळणाऱ्या बाया टोळीतल्याच घ्या, पण हजेरीवर घ्या, फुकट नको.

भाचीनं संध्याकाळी मला तिचं पुस्तक दाखवलं. तिसरीचं. पहिले चार धडे मळलेले, पुढची पानं कोरी. मी तिला कविता देऊ शकतो. तिला कविता नको आहे. तिला दोन्ही हात मोकळे हवे आहेत.

जय भीम.