फाइलचे स्वरूप करारातच ठरवा : ध्वनितंत्रज्ञांचे मागणीपत्र

प्रति,
मराठी मालिका, चित्रपट व श्राव्यपुस्तकांचे निर्माते आणि स्टुडिओचालक यांस



एका एपिसोडचा आवाज लोकेशनवरच्या रेकॉर्डरपासून प्रीमिअर, रीपर, न्यूएंडो, प्रो टूल्स अशा सॉफ्टवेअरमधून फिरत येतो. फाइल कशी द्यायची हे कुठेच लिहिलेले नसते. मग ती उघडेना, जुळेना की ते निस्तरायचे काम आमच्या ध्वनितंत्रज्ञ संघटनेच्या सभासदांच्या गळ्यात पडते, तेही फुकट. म्हणून पुढील मागण्या.

१. देवाणघेवाण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या ब्रॉडकास्ट वेव्ह फाइलमध्येच व्हावी. वेव्ह १९९१ पासून आहे आणि कामाचे जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर ती उघडते. युरोपीय प्रसारण संघाने १९९७ मध्ये तिला ब्रॉडकास्ट रूप दिले, त्यात रेकॉर्डिंगची वेळ नोंदलेली असते. त्यामुळे तुकडा टाइमलाइनवर आपल्या जागी बसवता येतो. एमपी३ मध्ये ही सोय नाही. उलट एन्कोडिंग करताना सुरुवातीला बारीकशी शांतता चिकटते आणि ओठ-आवाजाची जुळणी सरकते. एमपी३ची वेव्ह करून पाठवल्याने गेलेला आवाज परत येत नाही, फक्त फाइल फुगते. (असे पाठवणारे आम्हाला स्पेक्ट्रममध्ये बहुधा दिसतात.)

४४.१ किलोहर्ट्झ हा सीडीचा सॅम्पल दर. ती फाइल ४८ समजून वाजली, तर १० मिनिटांचा ट्रॅक ९ मिनिटे ११ सेकंदांत संपतो आणि पांढरी एकमध्ये गायलेले गाणे काळी एकच्याही वर चढते. तेव्हा दर फाइलच्या नावातच लिहावा.

२. साध्या वेव्हची मर्यादा ४ जीबी. आठ ट्रॅकचे रेकॉर्डिंग वरील दराने तासाभरात तिथे पोचते. नाट्यप्रयोग किंवा कीर्तन चित्रित करताना ४ जीबीपलीकडे जाणारी आरएफ६४ फाइल चालेल की प्रत्येक माइकची वेगळी फाइल हवी, हे आधी विचारावे.

३. नुसते प्रोजेक्ट पाठवू नये. एका सॉफ्टवेअरचे सेशन दुसऱ्यात सहसा उघडत नाही. प्रत्येक ट्रॅक शून्यापासून सलग काढून सोबत द्यावा.

४. कलाकारांचे रीटेक व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर घेऊ नयेत. ती ओपस फाइल असते, दाबलेली, आणि कित्येक एडिटिंग सॉफ्टवेअर ती घेतच नाहीत. मूळ वेव्ह डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

५. फ्लॅकबद्दल आमच्यातच वाद आहे. आवाज न गमावता जागा वाचते, म्हणून साठवणीसाठी ती उत्तम. पण सगळीकडे ती थेट चालत नाही आणि रूपांतरात वेळेची नोंद गळू शकते. कामाच्या देवाणघेवाणीत ती नको, असे बहुमत आहे.

६. काम सुरू होण्यापूर्वी एक मिनिटाची चाचणी फाइल सगळ्या टप्प्यांतून फिरवावी. त्यानंतरही चुकीची फाइल आल्यास रूपांतराचे तास वेगळे आकारले जातील.

हे सहा मुद्दे पुढच्या करारापासून परिशिष्ट म्हणून जोडावेत आणि आपला होकार वा हरकत लेखी कळवावी, ही विनंती.