भरलेला ट्रेलर आणि ऐंशीचा काटा

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून कॉइल भरून निघालेला ट्रेलर जयपूरच्या झोटवाड्यात पोचेपर्यंत साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास चालतो. एवढ्या वाटेत त्याने कोणत्या वेगाने चालावे, हा प्रश्न आपल्या धंद्यात ड्रायव्हरच्या खात्यावर टाकलेला आहे. अपघात झाला की मालक, विमावाला आणि पोलीस तिघेही पहिल्यांदा 'स्पीड किती होता?' असे विचारतात आणि तेही त्यालाच. आमच्या मते त्या काट्यावर ड्रायव्हरचा हात बराच उशिरा पडतो. गाडी भरायच्या दिवशी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून पार्टीला 'परवा सकाळी गाडी लागते' असा शब्द गेला, की वेग ठरलाच. पुढचे साडेअकराशे किलोमीटर ड्रायव्हर फक्त तो शब्द पाळत असतो.

झोटवाडा मुद्दाम निवडला आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या गाड्या तिथल्या औद्योगिक वसाहतीत, शेजारच्या विश्वकर्मा वसाहतीत किंवा कनकपुऱ्याच्या कंटेनर डेपोत लागतात. दुसरे कारण कटू आहे. 20 डिसेंबर 2024 च्या पहाटे अजमेर रोडवर भांकरोट्याला गॅसचा टँकर वळत असताना त्याच्यावर ट्रक आदळला. गॅस सुटून पेट घेतला आणि जवळपास वीस माणसे गेली. पुढच्या वर्षी 3 नोव्हेंबरला हरमाड्याच्या लोहामंडी रस्त्यावर, म्हणजे आपल्या कॉइल जिथे उतरतात त्याच भागात, एक डंपर समोर येईल त्या गाडीला उडवत गेला. त्यात डझनाहून जास्त बळी गेले. आदल्याच दिवशी फलोदी जिल्ह्यात मतोड्याजवळ रस्त्यालगत उभ्या असलेल्या ट्रेलरवर भाविकांचा टेम्पो ट्रॅव्हलर आदळला होता. तिन्ही घटनांची कारणे वेगळी आहेत, सगळे खापर वेगावर फोडणे बरोबर नाही. पण ज्या रस्त्यांवर आपण गाड्या पाठवतो ते कसे आहेत, कुठून काय आडवे येते, हे त्यांतून कळते.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. केंद्राच्या एप्रिल 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे मालवाहू गाडीला एक्सप्रेसवेवर आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी 80, शहरात आणि इतर रस्त्यांवर 60. स्पीड गव्हर्नरही 80 लाच लावलेला असतो. टँकर, डंपर आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांना 60. त्याच वर्षी जुलैत अ‍ॅक्सलवरचे वजन वाढवून मिळाले आणि सहा अ‍ॅक्सलचा ट्रेलर 55 टनांवर गेला. वजन वाढले, तेव्हा धंद्याने पेढे वाटले. वजन वाढले म्हणजे ब्रेकचे काम वाढले, यावर मात्र तेव्हा कुठल्याच सभेत चर्चा झाल्याचे आम्हाला आठवत नाही.

ऐंशी ही कमाल मर्यादा आहे. आपल्याकडे तिचा 'रेट' झाला आहे. गव्हर्नर ऐंशीला अडतो म्हणून पाय ऐंशीपर्यंत दाबलेलाच राहतो.

आता हिशोब. ड्रायव्हरला समोरचे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत आणि हवेचा दाब घोड्यापासून ट्रेलरच्या शेवटच्या अ‍ॅक्सलपर्यंत पोचेपर्यंत मिळून दोन सेकंद धरू. ब्रेक चांगले धरू, म्हणजे दर सेकंदाला ताशी चौदा-साडेचौदा किलोमीटर वेग तोडणारे. कोरड्या रस्त्यावर 60 ने चाललेली गाडी अशा ब्रेकवर सुमारे 68 मीटरमध्ये थांबते, 80 ने चाललेली सुमारे 106 मीटरमध्ये. हे आकडे बऱ्याच जणांना तोंडपाठ असतील. त्यापुढचा आकडा सहसा कुणी काढत नाही. साठची गाडी ज्या जागी पूर्ण थांबली, त्याच जागी ऐंशीच्या गाडीचा वेग अजून ताशी 63 असतो. तिथे बंद पडलेला ट्रॅक्टर असेल, तर एका ड्रायव्हरची फक्त छाती धडधडते आणि दुसरा 55 टन घेऊन त्रेसष्टच्या वेगाने त्यात घुसतो. वेग वीसने वाढला, पण गाडीतली ऊर्जा पावणेदोन पटींहून जास्त झाली आणि ती सगळी ड्रमवर आणि लायनरवर उतरवायची आहे.

हेच गणित डिसेंबर-जानेवारीच्या धुक्याला लावा. समोरचे पन्नास मीटर दिसत असेल, तर चाळीसच्या वेगाला थांबायला सुमारे 38 मीटर लागतात. म्हणजे निभावते. साठला निभावत नाही. राजस्थानात धुके कसले, असे म्हणणाऱ्याने जानेवारीत पहाटे दूदू ते बगरू एकदा जाऊन यावे. पावसात ब्रेक निम्म्यावर आले, तर साठलाही शंभराहून जास्त मीटर लागतात.

वर 'ब्रेक चांगले धरू' असे लिहिले आहे, ते मात्र फार उदारपणे. अजमेर रोडवरच्या कोणत्याही ढाब्यावर घोड्याच्या मागे वाकून पाहावे. हवेचे दोन पाइप जोडलेले असतात, कारण त्यांच्याशिवाय ट्रेलरचे ब्रेक सुटत नाहीत आणि गाडी हलतच नाही. शेजारची एबीएसची केबल मात्र बऱ्याचदा सुतळीने जाळीला बांधलेली सापडते. घोड्याला एबीएस आहे, कागदावर ट्रेलरलाही आहे, आणि दोघांची गाठभेट नाही. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पेटून ड्रायव्हरला त्रास देऊ नये म्हणून त्याच्यावर स्टिकर. ट्रेलरच्या ब्रेकचे स्लॅक अ‍ॅडजस्टर किती ताणले आहेत, हे शेवटचे कुणी पाहिले, याचे उत्तर निम्म्या ऑफिसांत मिळणार नाही. घोडा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातो, कारण त्याची वॉरंटी असते. ट्रेलरचे काम टायर फुटल्यावर जमेल तिथे उरकले जाते. मग थांबायच्या वेळी घोडा थांबतो आणि ट्रेलर त्याला मागून ढकलतो.

माल कोणता, यावर वेग बदलला पाहिजे, आणि इथे आपला धंदा फारच ढोबळ आहे. किशनगढहून येणारा संगमरवराचा ब्लॉक जड, पण बसका. त्याने गाडी सहसा उलटत नाही; तो नीट बांधलेला नसेल तर ब्रेक लागताच पुढे निघतो. कॉइलचेही तेच. खाली लाकडी गुटके, वर साखळ्या आणि टर्नबकल, आणि शंभर-दीडशे किलोमीटरवर गाडी बाजूला घेऊन ते पुन्हा आवळणे ही जुनी पद्धत. नव्या पोरांना ती कुणी शिकवत नाही. उंच भरलेला कंटेनर वेगळ्या जातीचा. सरळ रस्त्यावर तो शहाण्यासारखा चालतो आणि उतरणीच्या वळणावर फसवतो. साठ मीटर त्रिज्येच्या रॅम्पवर असा कंटेनर ताशी पन्नासच्या आसपास आतली चाके उचलायला लागतो. चाळीसला तोच रॅम्प आरामात निघतो. ड्रायव्हर हायवेवरून ऐंशीने आलेला असला, तर त्याला पन्नास म्हणजे रांगणे वाटते. चूक इथेच होते.

आणि रिकामी गाडी? 'खाली आहे, पळव' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. 55 टनांसाठी बसवलेले ब्रेक पंधरा टनांच्या आसपासच्या गाडीला लागले, की मागची चाके जागच्या जागी जाम होतात आणि ट्रेलर घसरत बाजूला येतो. एबीएसची केबल सुतळीला बांधलेली असेल, तर त्याला अडवायला काही नसते. घोडा एकीकडे, ट्रेलर एकीकडे, आणि मध्ये दुमडलेली केबिन. मे-जूनमध्ये आंधी उठली, की रिकामा उंच कंटेनर वारा अंगावर घेतो, ते वेगळेच. भरल्यापेक्षा रिकाम्या गाडीला वेग जास्त चालतो, ही समजूत आपण टाकून दिली पाहिजे.

महाराष्ट्रातला ड्रायव्हर घाटाला वचकून असतो. बोरघाटात आणि कात्रजच्या बोगद्यानंतर नवले पुलापर्यंतच्या उतारावर काय होते, हे त्याने पाहिलेले आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये नवले पुलाच्या उतारावर एका जड गाडीने चाळीसहून अधिक गाड्या चेपल्या आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच उतारावर पुन्हा माणसे गेली. उतारावर गिअर काढू नये, हे निदान तोंडाने तरी सगळे सांगतात. जयपूरच्या बाजूला तो धाक नाही. भिलवाडा मागे पडले की रस्ता सपाट होत जातो. किशनगढ ते जयपूर हा नव्वद-एक किलोमीटरचा सहापदरी तुकडा तर 2005 पासून ट्रेलरवाल्यांचा लाडका आहे. सपाट, सरळ, रुंद. त्यात नव्या घोड्याची केबिन वातानुकूलित, इंजिनाचा आवाज आत येत नाही, ऐंशी हा वेग पन्नाससारखा वाटतो. आणि या तुकड्याच्या शेवटी, बगरू ओलांडल्यावर, गावे, कारखाने, दुभाजकातली वळणे, उलट बाजूने येणारे दुचाकीस्वार असा सगळा बाजार एकदम सुरू होतो. दोनशे फुटी बायपासवरून चौदा नंबरकडे वळेपर्यंत ड्रायव्हरच्या डोळ्यांना अजून मोकळ्या रस्त्याचीच सवय असते. साडेअकराशे किलोमीटरांतले शेवटचे वीस किलोमीटर सर्वांत वाईट आहेत, आणि ते गाठताना माणूस सर्वांत दमलेला असतो.

या नव्वद किलोमीटरमध्ये ऐंशीने मिळते तरी काय? साठने दीड तास लागतो, ऐंशीने सुमारे 68 मिनिटे. बावीस मिनिटे वाचली. ती वाचवून गाडी शहराच्या तोंडाशी नो एंट्री उठायची वाट पाहत उभी. नो एंट्री उठल्यावर आत गेली, तर गोदामात क्रेन नाही, हमाल जेवायला गेलेले, आधीच्या गाड्या रांगेत. उतरवण्यात गेलेल्या अर्ध्या दिवसाचे भाडे पार्टी देत नाही. तो मुद्दा काढायला आपण कचरतो आणि ते नुकसान ड्रायव्हरच्या पायाखालून वसूल करतो. आम्हाला सर्वांत जास्त राग याचा येतो. गोदामातल्या सहा तासांवर बोलायची हिंमत नाही आणि रस्त्यावरच्या बावीस मिनिटांवर बक्षीस लावायचे. मोटार परिवहन कामगारांसाठी 1961 च्या कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. ती किती ट्रिपांत पाळली गेली, हे ज्याने त्याने आपल्या रजिस्टरात पाहावे.

एक आक्षेप खरा आहे आणि तो अनुभवी ड्रायव्हरांचाच आहे. कार शंभरने येतात, आम्ही साठने चाललो तर मागून ठोकर बसणार. डावी लेन धरावी म्हटले, तर तिथे उभे ट्रक, विनादिव्यांची ट्रॉली, शेळ्या. म्हणून सगळे ट्रेलर उजव्या लेनला चिकटतात आणि तिथे साठने चालणे म्हणजे शिव्या खाणे. यात तथ्य आहे. रस्ता बांधणाऱ्यांनी ट्रकसाठी थांबे द्यायला हवेत, दिलेले साफ ठेवायला हवेत. तरीही मागून येणाऱ्याला लांबून दिसणे आपल्या हातात आहे: मागचे दिवे, पूर्ण रुंदीची परावर्तक पट्टी, शाबूत मागचा गार्ड. मागच्याचा धोका पाहून पुढच्याला चिरडायचा वेग घेणे, हा व्यवहार आम्हाला पटत नाही. जर्मनीत ब्रेकची तपासणी कडक असते, रस्ते आपल्यापेक्षा मोकळे आहेत, तरी साडेसात टनांवरच्या ट्रकला ऑटोबानवर 80 आणि गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर 60 चीच परवानगी आहे. ऐंशीचा आकडा आपल्याकडेही आहे. त्याच्या मागची तपासणी इकडे आली नाही.

म्हणून आमची सूचना अशी. भरलेल्या ट्रेलरला चौपदरी-सहापदरी रस्त्यावर 60, दृष्टी स्वच्छ आणि रस्ता मोकळा असेल तर 65. बगरूपासून झोटवाड्यापर्यंत, बायपासवर आणि धुक्यात 40. रॅम्पवर चाळीसच्याही खाली. हे आकडे कुणाला कमी वाटतील, त्यांनी आपल्या ट्रेलरचे ब्रेक स्वतः पाहून, हिशोब करून, आपले आकडे काढावेत; पण ते गाडी सुटण्याआधी काढावेत आणि ट्रिपशीटवर लिहावेत. पोचायची वेळ त्या आकड्यावरून काढावी आणि तीच पार्टीला सांगावी. जीपीएस आता बहुतेक गाड्यांना आहे. गाडी कुठे थांबली हे पाहण्यासाठी ऑफिस त्याचा वापर करते, ती सत्तरच्या वर किती वेळ होती हेही त्याच पडद्यावर दिसते. लवकर पोचल्याचे बक्षीस बंद करून ती रक्कम एबीएसची केबल जोडलेली ठेवणाऱ्याला द्यावी. भाड्याच्या करारात गोदामातल्या थांबण्याचे पैसे तासावर मागावेत. पहिल्या खेपेला पार्टी नाही म्हणेल. झोटवाड्यात माल लागणारे चार मोठे ट्रान्सपोर्टर एकत्र बसून तेच मागू लागले, तर दुसऱ्या खेपेला ती ऐकेल.

ज्या ऑफिसांत ट्रिपशीटवर वेगाचा रकाना आधीपासून आहे, त्यांनी त्याचा नमुना आमच्याकडे पाठवावा. पार्टीचे आणि गाडीचे नाव खोडून पाठवला तरी चालेल. पुढच्या अंकात तो छापू, म्हणजे इतरांना आयता मिळेल.