अन्नसाखळीचा परतीचा बाण



अन्नसाखळीचे चित्र तुम्ही पाठ्यपुस्तकात पाहिले असेलच. गवताकडून हरणाकडे एक बाण, हरणाकडून वाघाकडे दुसरा. परीक्षेत एवढे काढले की गुण मिळतात. मी पदार्थविज्ञान शिकवतो, जीवशास्त्र माझा विषय नव्हे. तरीही या चित्राविषयी माझी एक तक्रार आहे. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. त्यातले बाण ऊर्जा कोणत्या दिशेने जाते एवढेच सांगतात. गवत खाणारा प्राणी गवतावर, पाण्यावर आणि इतर जीवांवर काय परिणाम घडवतो, हे सांगणारा परतीचा बाण त्यात नसतो.

हा बाण विसरला तर काय होते? राजस्थानातील भरतपूरचे उदाहरण पाहा. तेथील केवलादेव हे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे पाणथळ क्षेत्र पक्ष्यांसाठी जगप्रसिद्ध आहे. आसपासच्या गावांतील गाई-म्हशी तेथे वर्षानुवर्षे चरत असत. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर, नोव्हेंबर १९८२ मध्ये, तेथे चराईस बंदी घालण्यात आली. गुरे गेली की पक्ष्यांना निवांतपणा मिळेल, हा विचार त्यामागे होता. डॉ. सालिम अलींसारखे थोर पक्षितज्ज्ञही चराईबंदीच्या बाजूचे होते. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला आणि त्यात काही जणांचे प्राण गेले.

पुढे काय झाले? तेथे पॅस्पॅलम नावाचे एक गवत उगवते. त्याच्या पसरणाऱ्या खोडाला पेरापेरांवर मुळे फुटतात आणि बघता बघता त्याचे जाळे पाण्यावर पसरते. म्हशी पाण्यात शिरून हे गवत खात होत्या. त्या गेल्या आणि गवत मोकाट वाढले. उथळ तळी त्याने भरू लागली, मोकळे पाणी कमी झाले आणि ज्या पाणपक्ष्यांना मोकळे पाणी लागते त्यांचीच अडचण झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० ते १९९० अशी दहा वर्षे येथे अभ्यास केला. या संस्थेशी सालिम अलींचे नाते आयुष्यभराचे. पण अभ्यासाचा निष्कर्ष मात्र त्यांच्या मताच्या उलट निघाला : गवत आटोक्यात ठेवण्यासाठी म्हशींची चराई उपयोगाचीच होती. विज्ञानात नाव कितीही मोठे असले तरी शेवटचा शब्द निरीक्षणाचा असतो, तो असा.

हौदात वरून पाणी येत आहे आणि खालच्या तोटीतून तेवढेच बाहेर जात आहे, अशी कल्पना करा. पातळी स्थिर राहते. ती पाहून ‘तोटी बंद केली तर हौद अधिक चांगला राहील’ असे कोणी म्हणाले, तर तुम्ही हसाल. भरतपुरात म्हशी ही गवताची तोटी होती. स्थिर दिसणारी गोष्ट आपोआप स्थिर नसते. तिला स्थिर ठेवणारे कोणीतरी काम करत असते.

आता दुसरे टोक. ‘म्हणजे सगळीकडे गुरे सोडावीत काय?’ असे तुम्ही विचाराल. मुळीच नाही. तोटी फार मोठी केली तर हौद रिकामा होतो. अति चराईने उजाड झालेले माळ आपल्याकडे कमी नाहीत. शिवाय जागा बदलली की उत्तर बदलते. आफ्रिकेतील सेरेंगेटीत बुळकांडी रोगाने वाइल्डबीस्ट या प्राण्यांची संख्या फार घटली होती. पाळीव गुरांना लस टोचल्यावर हा रोग हटला आणि १९६१ च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास असलेले वाइल्डबीस्ट १९७७ पर्यंत सुमारे तेरा लाख झाले. त्यांनी गवत खाल्ल्यामुळे वणव्यांना जळण कमी पडले, वणवे घटले आणि रोपे जगून झाडे वाढली. गवत खाणाऱ्यांमुळे झाडे वाढली! लस गुरांना आणि फायदा झाडांना, हे बाणांच्या साध्या चित्रावरून कोणाला सुचले असते?

म्हणून माझे मत असे : एखादा प्राणी कोठून हलवण्यापूर्वी किंवा कोठे सोडण्यापूर्वी छोट्या जागेवर प्रयोग करून मोजमाप करावे. भरतपुरात आधी काही भागालाच कुंपण घालून दोन-तीन वर्षे पाहिले असते, तर गवताने आपले उत्तर दिले असते, आणि तेही कोणाचा जीव न जाता.

असा प्रयोग तुम्हालाही जमेल. गुरे चरतात असा एखादा माळ निवडा, मालकाची परवानगी घ्या. पावसाळ्याआधी एक मीटर लांब-रुंद चौरसाला काट्यांचे कुंपण घाला आणि शेजारी तेवढाच चौरस चार खुंट्या ठोकून उघडा ठेवा. अशा निदान पाच जोड्या करा, कारण एका जोडीतला फरक योगायोगानेही पडू शकतो. दिवाळीच्या सुट्टीत दोन्हींकडील वनस्पतींचे प्रकार मोजा. गवत कापून, वाळवून तोला. शिक्षकांनी हे काम वर्गाकडून जरूर करून घ्यावे.

मग वहीतल्या अन्नसाखळीत परतीचा बाण काढा. त्याला गुण मिळतील की नाही ठाऊक नाही, पण तो तुम्ही स्वतः मोजलेला असेल.